कवळीचे पैसे

तारीख १९ नोव्हेंबर २००६, रविवार. रक्कम रुपये तीन हजार सहाशे फक्त. वस्तू: भाजणीच्या चकल्या, स्टीलचा डबा भरून, डबा परत करायचा होता. हजर: आमचे पाळकसाहेब, लिलाव पुकारणारे एक काका, महिला मंडळाच्या चिटणीस मावशी, आमच्या बिल्डिंगमधला माझा मित्र, माझी आई, आणि हॉलच्या मागच्या पडवीत पुलावाच्या पातेल्यापाशी माझी बायको. मंडळीतले बाकीचे शंभर-सव्वाशे लोकही होते, पण जे झालं ते या सहा जणांमुळे आणि सातव्या माझ्यामुळे झालं. मी टेबलामागे बसून आकडे लिहीत होतो.

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी मीरा रोडच्या शांती नगरमधली. तिला स्वतःचं चर्च नव्हतं. एका शाळेचा हॉल रविवारपुरता भाड्याने मिळायचा. फळ्यावरची शनिवारची गणितं पुसायची, समोर टेबल मांडून त्यावर क्रूस ठेवायचा, की झालं देवाचं घर. नोव्हेंबरात आमचा उपकारस्तुतीचा सण असे. आमच्या वाडवडिलांच्या नगरकडच्या गावांत त्या दिवशी लोक शेतातलं पहिलं पीक आणून देवापुढे ठेवत. मीरा रोडला शेत कुठलं? तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत पिकेल ते पीक. तरी लोक आणायचे. कुंडीतल्या मिरच्या, केक, अंड्यांचा ट्रे, वरसाव्याच्या एका कुटुंबाच्या परसातले दुधी, कुणाच्या तारोडीच्या मैत्रिणीने दिलेले सुके बोंबील, आणि दरवर्षी एक तरी जिवंत कोंबडा, जो प्रवचनातल्या सर्वांत गंभीर जागी आरवायचा. उपासना संपली की या सगळ्याचा लिलाव व्हायचा. पैसे हॉलच्या भाड्याला जात.

ज्याने हा लिलाव पाहिला नाही त्याला तो वेडेपणा वाटेल. बाजारात दोन रुपयांना मिळणारं लिंबू तिथे दीडशेला जायचं. घेणारा ते परत टेबलावर ठेवायचा, आणि तेच लिंबू पुन्हा ऐंशीला जायचं. मी अकाउंट्सचा माणूस. एका लिंबाचे दोनशे तीस रुपये जमा धरताना पहिल्या वर्षी माझा हात अडखळला होता.

मी मंडळीचा खजिनदार होतो आणि माझ्या काळात लिलावाचे दोन नियम मंजूर झाले होते. दोन्ही मीच मांडलेले. पहिला, खजिनदाराने लिलावात तोंड उघडायचं नाही. लिहिणाराच बोली लावू लागला की लोकांना शंका येते. दुसरा, बोलीचे पैसे रोख आणि त्याच दिवशी. आधी लोक भरात येऊन बोली लावत आणि घरी जात, आणि मग एका वांग्याच्या पैशांसाठी मला ईस्टरपर्यंत त्यांच्या मागे फिरावं लागे.

आता आईच्या दातांचं सांगतो, कारण खरा प्रश्न तोच होता.

आमचं घर दोन गोष्टींवर चालायचं: माझे हिशेब आणि आईची प्रार्थना. मी कर्जाचे हप्ते मांडायचो, आई प्रार्थना करायची. ती पुटपुटणाऱ्यांतली नव्हती. सकाळी सहाला स्वयंपाकघरात उभी राहून ती देवाला अशी हाक मारायची, जणू तो समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कपडे वाळत घालतोय. शेजारच्या गुजराती वहिनींनी नवीन असताना माझ्या बायकोला काळजीने विचारलं होतं, "भाभी, तुमच्या बा रोज सकाळी कोणावर ओरडतात?" मंडळीत प्रार्थना करायची वेळ आली की सगळे आईकडे बघायचे. मी आपला 'आमेन' म्हणायचो. देवावर माझा विश्वास होताच, पण आधी बेरीज जमायची आणि मग विश्वास बसायचा.

जूनमध्ये आईचे उरलेसुरले दात काढावे लागले. त्या दिवसापासून तिने तोंडावर पदर घेतला तो घेतलाच. घरात बोलायची, पण थोडं. प्रार्थना आतल्या आत. मंडळीत तर एक शब्द नाही. पाळकसाहेबांनी दोनदा विनवलं, तिने दोनदा मान हलवली. मला म्हणाली, "बोळक्या तोंडानं देवापुढं उभं राहायचं म्हणजे फाटकं लुगडं नेसून लग्नाला जाण्यासारखं."

मी तिला समजावायला गेलो नाही. मला समजावता येत नाही, पैसे साठवता येतात. दिवाळीच्या बोनसमधून साडेचार हजार रुपये वेगळे काढले. शांती नगरमधल्याच एका दातांच्या डॉक्टरांनी पूर्ण कवळीचा तेवढाच खर्च सांगितला होता. नाताळच्या उपासनेत आईने पहिल्यासारखी उभं राहून प्रार्थना करावी, एवढंच मला हवं होतं. घर फक्त माझ्या आकड्यांवर चालायला लागल्यापासून मला स्वस्थ वाटत नव्हतं. डॉक्टरांकडची वेळ ठरली ती नेमकी सणाच्या रविवारी संध्याकाळी. म्हणून ते पाकीट सकाळपासून माझ्या शर्टाच्या खिशात होतं, आणि सेफ्टी पिन लावलेली होती.

सणासाठी आईने चकल्या केल्या होत्या. दात नसताना चकली कुरकुरीत झाली की नाही हे तिला कसं कळणार? ती प्रत्येक घाण्यातली एक चकली कानाशी धरून मोडायची. आवाज पसंत पडला तर मान डोलवायची, नाही तर पुढच्या घाण्याला गॅस बारीक करायची.

आदल्या वर्षी तिच्या चकल्या पस्तीस रुपयांना गेल्या होत्या आणि घेणारी माझीच बायको होती. आई नुसतं "चांगलं झालं" म्हणाली आणि तीन दिवस रुसून नुसतं भात-वरण जेवली. तेव्हा मी मनाशी ठरवलं की या वर्षी चकल्या मानाने जायला हव्यात. पण मला तर बोलायची बंदी. म्हणून मी मित्राला बाजूला घेतलं.

"चकल्या आल्या की बोली लाव. पाचशेपर्यंत जा. पैसे माझे."

"आणि पुढे गेली तर?"

"मी चष्मा काढला की थांबायचं."

"चष्मा काढला की थांबायचं," तो म्हणाला. "सोप्पं आहे."

हा मित्र एरवी अतिशय शांत माणूस. सोसायटीच्या सभेत चहा येईपर्यंत तोंड उघडत नाही.

मला माहीत नव्हतं ते हे: माझ्या बायकोलाही ते पस्तीस रुपये वर्षभर टोचत होते. त्या दिवशी पातेल्यापाशी थांबायचं काम तिच्याकडे होतं, हॉलमध्ये येता येणार नव्हतं. म्हणून तिने सकाळीच चिटणीस मावशींचा हात धरून सांगून ठेवलं होतं, "मावशी, आईंच्या चकल्या आपल्यालाच घ्यायच्यात. किती का होईना, सोडू नका. आमचे हे देतील." तिच्या मनात 'किती का होईना' म्हणजे दोनशे, फार तर अडीचशे. पण ते ती मावशींना बोलली नाही.

लिलाव पुकारणारे काका निवृत्त बस कंडक्टर. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, एक चकली वर धरली आणि आवाज लावला. "चकल्या बोला, चकल्या! भाजणीच्या, घरच्या! एकानं खाल्ली तर खालच्या मजल्यावर ऐकू जाईल! चला, पन्नास!"

"शंभर," माझा मित्र म्हणाला. आवाज जरा घोगरा निघाला.

"दोनशे!" महिलांच्या बाजूने मावशी.

पहिल्या रांगेत बसलेल्या आईने पदर सावरला. तिचे डोळे चमकले. मला बरं वाटलं. मावशींसारख्या परक्या बाईला आपल्या चकल्या हव्याशा वाटल्या, यात आईचा मान होता. मित्राने अडीचशे म्हटलं, मावशींनी तीनशे. साडेतीनशे. चारशे. पाचशे. मित्राने पाचशे म्हटलं आणि मी समाधानाने चष्मा काढला.

आता माझी अडचण अशी की चष्म्याशिवाय मला तीन हातांपलीकडचं दिसत नाही. मित्र सातव्या रांगेत. त्याने माझी खूण पाहिली की नाही, हे बघायला मी चष्मा लावला.

"सहाशे!" मावशी.

मी चष्मा लावलेला पाहून मित्राने जोरात मान हलवली. "सातशे!"

मी घाईघाईने चष्मा काढला. मावशींनी आठशे म्हटलं. समोर सगळं धुरकट. मित्राच्या जागी एक निळा ठिपका. ठिपका हलतोय की स्थिर आहे? मी पुन्हा चष्मा लावला.

"हजार!" निळा ठिपका आता उभा राहिला होता.

"काय रे," मावशी पलीकडून म्हणाल्या, "घरी बायको चकल्या करत नाही का?"

"करते ना मावशी, पण त्या खायला आधी हातोडी लागते!"

त्याची बायको महिलांच्या बाजूलाच बसली होती. तिथून जो आवाज उठला त्याने हॉल दणाणला. "मावशी, सोडू नका त्याला! आता तर अजिबात सोडू नका!" आणि तिथून पुढे तो दोघांचा लिलाव राहिला नाही. पुरुषांची बाजू विरुद्ध बायकांची बाजू, असं झालं. एरवी शास्त्रपाठाला पेंगणारे मंडळीचे पंच बाकावर उभे राहिले. काका तर रंगातच आले. "बाराशे! बाराशे आले! पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे! पंधराशे कोण?"

"पंधराशे!"

"अठराशे!"

मी चष्मा काढत होतो, लावत होतो, काढत होतो. शेजारी बसलेल्या पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "ब्रदर, डोळ्यांत काही गेलंय का?" तोंड उघडायचं नाही हा माझाच नियम, म्हणून मी नुसतीच मान हलवली. त्यांनी कनवाळूपणे आपला रुमाल पुढे केला.

बोली अडीच हजारांवर गेली. मित्र जिंकला तर पैसे माझे, रोख आणि आजच. खिशातल्या पाकिटावर मी हात ठेवला. आणि मग मी जे केलं ते आयुष्यात क्वचितच केलं होतं: आधी बेरीज न करता प्रार्थना केली. शब्द फार नव्हते. "प्रभो, मावशींना जिंकू दे."

"तीन हजार!" मित्र.

"प्रभो, मावशींना. मावशींना जिंकू दे."

"तीन हजार सहाशे!" मावशींनी एकदम उडी मारली.

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हातांनी चष्मा काढला आणि टेबलावर पालथा घालून त्यावर हात दाबून बसलो. काय दिसायचं ते दिसो.

"एक वार," काका म्हणाले. "दोन वार." कोंबडा आरवला. "तीन वार! चकल्या महिला मंडळाकडे!"

बायकांनी जल्लोष केला. मी डोळे मिटले. इतक्या झटपट आणि इतक्या नेमक्या शब्दांत उत्तर मिळालेली माझी ती पहिलीच प्रार्थना. मला वाटलं, आई म्हणते ते खरंच आहे. मागितलं तर मिळतं. चष्मा लावून मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: चकल्या, रुपये ३,६००. मावशी पदराने वारा घेत टेबलाशी आल्या.

"मावशी, मंडळाच्या नावावर लिहू?"

"मंडळाच्या कशाला? तुमच्याच लिहा."

"माझ्या?"

"तुमच्या मिसेसनी सांगितलंय. किती का होईना, सोडू नका म्हणाल्या. आमचे हे देतील." त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "केवढी हौस हो तुम्हाला आईची!"

तेवढ्यात जल्लोष ऐकून माझी बायको झारा हातात घेऊनच पडवीतून आत आली. "मिळाल्या का मावशी? कितीला?"

"तीन हजार सहाशे."

बायकोचा झारा खाली आला. "तीन हजार... अहो मावशी! एवढी बोली चढवली कुणी? कोण एवढा मूर्ख होता समोर?"

माझ्या मित्राने हळूहळू हात वर केला, आणि त्याच हाताचं बोट माझ्याकडे वळवलं.

मला वाटतं, सगळ्या हॉलला समजायला दहा सेकंद लागले. खजिनदाराने खजिनदाराच्या आईच्या चकल्या खजिनदाराच्याच बायकोविरुद्ध बोली लावून वर नेल्या होत्या. पहिल्यांदा काका हसले, मग पंच, मग कोण ते कळेना. मित्र बाकावर बसायला गेला आणि बाक मागे सरकलेला असल्यामुळे जमिनीवर बसला. पाळकसाहेब माझ्याकडून रुमाल परत घेऊन स्वतःचे डोळे पुसत होते. मी हसत नव्हतो. माझ्या खिशात आईचे दात होते.

पाळकसाहेब भले माणूस. हसू आवरून म्हणाले, "ब्रदर, ही सरळसरळ गफलत आहे. कुणाचं काही म्हणणं असणार नाही. ती ओळ खोडा, आपण डबा पुन्हा पुकारू."

सगळीकडून "हो, हो, खोडा" असं आलं. बायकोने मला डोळ्यांनी सांगितलं, खोडा. मी पेन उचललं. पण माझ्याच नियमाने मी आतापर्यंत किती जणांकडून वांग्याचे आणि दुधीचे पैसे रोख वसूल केले होते, हे त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि नियम राहू दे बाजूला, देवापुढे बोललेला आकडा होता तो. पेन कागदावर टेकेना. उचलूनही घेता येईना. खरं सांगायचं तर मी तसाच संध्याकाळपर्यंत बसलो असतो.

"काय झालं रं?" पहिल्या रांगेतून आईने विचारलं. तिच्या कानाशी शेजारणीने सगळं सांगितलं. आई ऐकत होती. पदर तोंडावर, भुवया वर. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. मी उठलो. तेवढ्यात पदर गळून पडला आणि आई हसली. जूनपासून कुणाला न दाखवलेलं ते तोंड सगळ्या मंडळीपुढे सताड उघडं. एकही दात नाही, आणि हसू मावत नाही.

"अगं माझ्या देवा," ती म्हणाली, "माझ्या चकल्यांसाठी नवराबायको भांडले! सून पण! सून पण भांडली!"

"आई, अहो मी..." बायको पुढे आली.

"ये इकडं." आईने तिचा तेलकट हात धरला आणि माझ्याकडे वळली. "काढ पाकीट."

"आई, ते तुझ्या दातांचे आहेत."

"माझे ना? मग मी देते. तू कोण मधे?"

"मग दात कसे आणायचे? नाताळ महिन्यावर आलाय. पगारात बसत नाही. मी सगळं मांडून पाहिलंय."

"पहिले बत्तीस त्यानं दिले तेव्हा तू मांडून दिलेस काय?" आई म्हणाली. "फुकट दिले ना? मग दुसऱ्या खेपेला त्याला एवढी घाई का करतोस?"

परत हशा. या वेळी मीही हसलो. सेफ्टी पिन निघता निघेना, बायकोने ती काढून दिली. मी तीन हजार सहाशे मोजले, पाळकसाहेबांनी ते पुन्हा मोजावेत असा आग्रह धरला, आणि त्यांनी हसत हसत मोजले.

चकल्यांचा डबा ही शेवटचीच वस्तू होती. रिवाज असा की लिलावाच्या शेवटी अर्पणावर कुणीतरी प्रार्थना करायची. पाळकसाहेबांनी विचारायच्या आत आई उभी राहिली होती. आणि मग शाळेच्या त्या हॉलमध्ये तो आवाज आला, समोरच्या गच्चीवर पोचणारा. शब्द थोडे बोबडे, हवा इकडून तिकडून निसटणारी, पण आवाज तोच. तिने देवाचे आभार मानले: मिरच्यांसाठी, दुधीसाठी, कोंबड्यासाठी, मावशींच्या घशासाठी, माझ्या मित्राच्या धीरासाठी. "आणि बापा, माझ्या लेकाला बेरीज येते, त्याबद्दल तुझे उपकार. त्याला आता थोडं विसरायला शिकव." आमेन इतक्या मोठ्याने झालं की वॉचमन दारात येऊन बघून गेला.

मी डोळे उघडले तेव्हा समोरच्या कागदावरचा आकडा नीट वाचता येत नव्हता, आणि या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. ज्याच्यासाठी मी बोनसमधून पैसे वेगळे काढले होते, ते पैसे गेल्यानंतर पाच मिनिटांत माझ्यासमोर घडलं होतं. दातांशिवाय. हे कोणत्या रकान्यात मांडायचं ते मला कळेना.

डबा तिथेच रिकामा झाला. जो तो पुलावासोबत चकली मोडत होता, आणि मोडताना ती आईच्या कानापाशी नेत होता. आईने स्वतःची चहात बुडवून खाल्ली.

जेवणं झाल्यावर मी डॉक्टरांना फोन करून वेळ रद्द करायला निघालो. आईने अडवलं.

"ठरलंय ना? मग जायचं."

"आई, नऊशे रुपये घेऊन साडेचार हजारांच्या कामाला कसं जायचं?"

"रिक्षानं," आई म्हणाली.

गेलो. घराचं कर्ज सोडलं तर मी कधी कुणाचे पैसे ठेवले नव्हते. किराणावाल्याकडेसुद्धा आमचं खातं नव्हतं. रिक्षात मी मनातल्या मनात हिंदीत भाषण तयार करत होतो. आई आणि बायको अजून हसत होत्या. एक थांबली की दुसरी "कोण एवढा मूर्ख होता समोर" म्हणायची, आणि रिक्षावाला आरशातून बघायचा.

डॉक्टर म्हणजे एक तरुण गुजराती बाई. मी उभ्यानेच सांगितलं, "मॅडम, आज पूरा पैसा नहीं है. नौ सौ है. बाकी..." बाकीचं कसं सांगावं या विचारात मी असतानाच आईने खुर्चीत बसून सगळी हकिकत सांगायला सुरुवात केली. डॉक्टरबाईंनी तिच्या तोंडात मापाचा मऊ लगदा भरलेला साचा घातला, तरी आई हातांनी सांगत राहिली: चष्मा काढला, चष्मा लावला. डॉक्टरबाई हसल्या, मग आई हसली, आणि माप बिघडलं.

"बा, हसू नका ना! परत घ्यायला लागेल." दुसऱ्यांदा साचा तोंडात गेला. बायकोने कोपऱ्यातून नुसता काल्पनिक झारा खाली आणून दाखवला. तेही माप गेलं. तिसऱ्या वेळी डॉक्टरबाईंनी मला आणि बायकोला बाहेर बसवलं, लहान मुलांना बसवतात तसं.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "अंकल, टेन्शन मत लो. जसे जमतील तसे द्या. मैं नाताळ के पहले बना दूंगी."

"मॅडम, आप मुझे पहचानती नहीं. कुछ लिखके..."

"लिखना क्या है?" त्यांनी खांदे उडवले. "तुम्ही द्याल ना?"

मी "हो" म्हटलं. तेवढ्यावर व्यवहार झाला. त्या बाईला माझा पगार माहीत नव्हता, पत्ता माहीत नव्हता, माझा जामीन कुणी नव्हता. मला ओशाळल्यासारखं झालं. बेचाळीस वर्षांचा मी, रोज प्रार्थनेला आमेन म्हणणारा, देवाशी सगळा व्यवहार रोखीने करत आलो होतो. आधी जमेल का ते बघायचं, मग मागायचं. आणि ही पोरगी, जिचा माझा देव वेगळा, माझ्यावर नुसत्या 'हो'वर विसंबली. आपल्यावर कुणी असं विसंबलं की कसं वाटतं ते मला त्या संध्याकाळी कळलं. हलकं वाटतं. रिक्षा परवडत असूनही आम्ही तिघं घरापर्यंत चालत आलो.

बाकी राहिले तीन हजार सहाशे. महिन्याला नऊशे असे चार हप्ते मी ठरवले. डॉक्टरांनी मागितले नव्हते, मला त्याशिवाय चैन पडलं नसतं. डिसेंबरचे ऑफिसात स्टॉक मोजणीच्या जादा कामातून आले. जानेवारीत बायकोने दूधवाल्याकडचं अर्धा लिटर कमी केलं आणि बाकीचे असेच कुठून कुठून जमवले. फेब्रुवारीचे कुठून आले ते मला आजही सांगता येत नाही. पगार तेवढाच होता, खर्च तेवढेच होते आणि नऊशे उरले. मी तीनदा बेरीज केली. चौथ्यांदा करायला बसलो, तर आई म्हणाली, "आता पुरे. देवाला वाटेल तू त्याच्यावर चोरीचा आळ घेतोयस."

कवळी नाताळच्या आधी आली. सुंदर होती. नाताळच्या उपासनेला आई ती लावून, नवीन पातळ नेसून पहिल्या रांगेत बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हसून दाखवत होती. प्रार्थनेसाठी पाळकसाहेबांनी तिचं नाव घेतलं. ती उठली, पाठ वळवली, कवळी काढून रुमालात गुंडाळली आणि रुमाल माझ्या बायकोकडे दिला. "मधे मधे येते," ती म्हणाली, आणि देवाला हाक मारली. साडेचार हजारांची ती वस्तू माझ्या बायकोच्या मांडीवर प्रार्थना ऐकत होती. बायकोचे खांदे हलत होते, माझेही. मागून मित्राने माझा चष्मा ओढून काढला. "थांब आता," तो कानात म्हणाला, "लोक बघतायत."

मार्चमध्ये शेवटचे नऊशे घेऊन मी आईसोबत गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, सातशे द्या, बस झालं. मी म्हटलं, नऊशे ठरलेत. त्या ऐकेनात, मी ऐकेना. बाहेर पेशंट ताटकळले. शेवटी त्यांनी नऊशे घेतले, मला पावती दिली, आणि त्यातलेच दोनशे माझ्यादेखत आईच्या हातात ठेवले. आईने ते चोळीत सरकवले आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून तिथल्या तिथे, पेशंट ऐकत असताना, मोठ्याने आशीर्वाद दिला.

असे डॉक्टरांना एकूण चार हजार पाचशे रुपये दिले, पैकी दोनशे त्यांनी आईला दिले. आईने त्या दोनशेंचं काय केलं ते मी विचारलं नाही.